दारातलं मोठं झाड हलवायचं असेल तर...



उसाची लागण, खोडवा, पाणी, खते यांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण हल्ली तो दर पावसाळ्यात कानावर येतो. जुनी घरं पाडून नवी बांधणं चाललं आहे. गावातले रस्ते रुंद होत आहेत. वाटण्या होऊन अंगणाच्या मधून भिंत जाते. अशा वेळी दारातलं एखादं झाड आडवं येतं. ते आंब्या-नारळासारखं उत्पन्न देणारं नसतं. बकुळ, सोनचाफा, तामण, बहावा असं फुलांचं, शोभेचं असतं. पण घरातल्या कुणीतरी ते हौसेनं लावलेलं असतं, आणि त्यावर कोयता घालायला हात धजत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "क्रेन लावा आणि उचलून दुसरीकडं ठेवा."

झाड उचलून दुसरीकडे ठेवता येतं, हे खरं आहे. ही विद्या नवीन नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या हातशेप्सुत राणीने पुंत देशातून धुपाची झाडं जहाजानं आणवली. मुळं मातीसकट टोपल्यांत ठेवून ती झाडं नेतानाची चित्रं तिच्या मंदिराच्या भिंतीवर आजही कोरलेली आहेत. त्या लोकांनी मुळं मातीसकट नेली, यातच सगळं आलं. आपण मात्र क्रेनचा विचार आधी करतो आणि मुळांचा मागाहून.

माझी चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगतो. 2009 च्या मे महिन्यात आमच्या घराला पुढं एक खोली काढायची ठरली. तिथं वडिलांनी लावलेला सोनचाफा होता. दादा तेव्हा नुकतेच गेले होते, त्यामुळं तो तोडायचा नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. मी ऊसविकास विभागात नोकरी केलेला माणूस, मला वाटलं यात काय अवघड आहे! शेजारच्या शेतात आलेलं जेसीबी दुपारी बारा वाजता बोलावलं. दोन तासांत काम उरकलं. खोडाला साखळी बांधून झाड उचललं, तेव्हा निम्मी माती वाटेतच गळून पडली. साखळीखाली साल सोलली. नवा खड्डा कमरेइतका खोल केला होता, त्यात झाड उतरवलं, वर ओंजळभर युरिया टाकला आणि भरपूर पाणी सोडलं.

जूनमध्ये चाफ्याला पालवी फुटली. आईनं देवापुढं साखर ठेवली. पण दिवाळीपर्यंत झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाळून गेलं. पुढं समजलं की ती पालवी खोडात साठलेल्या अन्नावर फुटली होती. खाली पाणी ओढायला मुळीच नव्हती. साठा संपला आणि झाड गेलं. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: पालवी फुटली म्हणजे झाड जगलं असं नाही.

झाडाची मुळं असतात कुठं?

पुष्कळांची समजूत असते की झाड वर जेवढं उंच, तेवढंच मूळ खाली खोल जातं. तसं नसतं. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडं लांब पसरलेली असतात. त्यामुळं झाड खोदून काढताना, कितीही जपून काढलं तरी, मुळांच्या दहा हिश्श्यांपैकी आठ-नऊ हिस्से मागं मातीत राहतात. वर पानं तेवढीच, आणि खाली पाणी ओढणारं तोंड उरतं एक-दोन हिस्से. झाड मरतं ते याच कारणानं.

आपण ऊसवाले आहोत, आपल्याला हे समजायला अवघड नाही. खोडव्याच्या बगला फोडल्या की जुना जारवा तुटतो आणि तुटलेल्या जागी नवी पांढरी मुळी सुटते. झाडाचंही तसंच आहे. मूळ स्वच्छ कापलं की कापलेल्या टोकाजवळ बारीक मुळ्यांचा झुपका फुटतो. हे काम झाड हलवायच्या आधी एक वर्ष करून ठेवलं, तर हलवायच्या दिवशी खोडाच्या जवळच नव्या मुळ्यांचा भरगच्च जारवा तयार असतो आणि तो मातीसकट आपल्याबरोबर येतो. मोठं झाड हलवण्याचं खरं काम हे आहे. क्रेनचं काम शेवटच्या एका दिवसाचं.

आण्णांची बकुळ

2022 च्या जूनमध्ये आपले एक जुने सभासद माझ्याकडं आले. त्यांना गावात सगळे आण्णा म्हणतात. जुनं माळवदाचं घर पाडून नवं बांधायचं होतं आणि दारातली बकुळ जिन्याच्या जागेत येत होती. त्यांच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वर्षी, 1996 साली, त्यांच्या आईनं ती लावलेली.

"साहेब, पुढच्या आठवड्यात एक क्रेन बघून द्या की," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "आण्णा, क्रेन पुढच्या वर्षी. या आठवड्यात नुसती कुदळ आणि करवत लागेल."

त्यांना ते पटलं नाही. बांधकाम एक वर्ष थांबवायचं, तेही एका झाडासाठी! पण आक्का, म्हणजे त्यांच्या आई, ओसरीवरून म्हणाल्या, "पन्नास वर्षं या घरात काढली, आणखी एक काढू." शेवटी मागच्या बाजूनं बांधकाम सुरू करायचं आणि जिन्याचा भाग शेवटी घ्यायचा असं ठरलं. पुढची कृती आम्ही त्या बकुळीवर केली तशीच देतो.

पहिली पायरी : मोजमाप

जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजावा. बकुळीचा घेर भरला 47 सें.मी., म्हणजे खोडाची जाडी सुमारे 15 सें.मी. झाडाबरोबर उचलायच्या मातीच्या गोळ्याला आपण हुंडी म्हणतो. ही हुंडी खोडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट रुंद लागते. सोपा हिशेब असा: घेराच्या सुतळीच्या दीडपट लांब दोरी घ्यावी आणि खोडाचा मध्य धरून तेवढ्या अंतरावर फक्कीनं गोल आखावा. इथं तो मध्यापासून 70 सें.मी.वर आला. हा आधी मुळं छाटण्याचा गोल. उचलताना त्याच्या वीतभर बाहेरून खोदायचं, म्हणजे नवी फुटलेली मुळी हुंडीच्या आत राहते. हुंडी मग सुमारे 1.7 मीटर रुंद होते. खोली दोन फूट धरली तर नुसत्या मातीचंच वजन दोन टनांच्या आसपास जातं. चार गडी आणि एक बांबू यांचं हे काम नाही, हे आधीच ओळखावं.

दुसरी पायरी : मुळं छाटणं

गोलाचे सहा सारखे भाग करावेत आणि एक सोडून एक असे तीन भाग पहिल्या वेळी घ्यावेत. मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की त्या तीन भागांत आखलेल्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला फूटभर रुंद आणि दोन फूट खोल चर काढावा. अंगठ्याहून जाड मुळं कुऱ्हाडीनं तोडू नयेत. ठेचलेलं मूळ कुजतं. करवतीनं सरळ कापावं. कापलेल्या टोकाला रंग, डांबर काही लावायची गरज नाही. मग चरातली माती भुसभुशीत करून, तीत चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पूर्ण कुजलेलं प्रेसमड कंपोस्ट मिसळून चर पुन्हा भरावा. ताजं प्रेसमड घालू नये. त्याची उष्णता नव्या मुळीला सोसत नाही.

उरलेले तीन भाग हस्त नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, याच रीतीनं घ्यावेत. तीन भाग शाबूत ठेवल्यानं झाडाचं पाणी एकदम तुटत नाही. मधल्या काळात, विशेषतः उन्हाळ्यात, चराची जागा कोरडी पडू देऊ नये. कोरड्या मातीत नवी मुळी येत नाही.

तिसरी पायरी : नवी जागा

जागा झाडाच्या आधी तयार हवी. झाड ट्रॉलीत आणि गडी खड्डा खणतायत, असं होता कामा नये. वरून विजेच्या तारा नकोत, जवळ शोषखड्डा नको, भिंतीपासून निदान तीन-चार मीटर अंतर हवं. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा आधी तपासावा. फूट-दीड फुटाचा लहान खड्डा घेऊन पाण्यानं भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसलं तर ती जागा सोडावी, नाहीतर उंचवटा करून लावावं.

खड्डा हुंडीच्या दीड ते दोन पट रुंद घ्यावा, पण खोली हुंडीइतकीच ठेवावी. जास्त खोल खड्ड्यात झाड पुढं खचतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. माझ्या चाफ्याचं हेच झालं होतं. मुळं सुरू होतात तिथं बुंधा पसरट होतो. तो पसरट भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे.

चौथी पायरी : उचलण्याचा दिवस

2023 साली पाऊस उशिरा आला, जून संपता संपता. आम्ही घाई केली नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाफसा आला आणि आभाळ भरून होतं, तो दिवस धरला. माती फार कोरडी असेल तर हुंडी फुटते, चिखल असेल तर गळते आणि क्रेनही रुतते. आदल्या दोन दिवसांत पुढीलप्रमाणे तयारी केली.

1) खोडाच्या उत्तर बाजूला खडूची खूण केली. नव्या जागी तीच बाजू उत्तरेला ठेवायची, म्हणजे सावलीतली साल एकदम उन्हात येत नाही.

2) वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढल्या. काही लोक सगळा शेंडा छाटून झाडाचा खांब करतात. तसं करू नये. पानंच अन्न तयार करतात आणि नवी मुळी फुटायला लागणारं द्रव्यही शेंड्याकडून खाली येतं. फारच मुळं तुटली असतील तर थोडी विरळणी करावी, एवढंच.

3) जुन्या गोलाच्या वीतभर बाहेरून खोदत, खाली आत निमुळतं करत हुंडी मोकळी केली. भरलेल्या चरातून पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दिसलं, तेव्हा आण्णा पहिल्यांदा हसले.

4) हुंडीला ओलं बारदान गुंडाळून दाभणानं शिवलं आणि वरून काथ्याच्या दोरीनं खाटेसारखं विणून घट्ट आवळलं.

5) क्रेनचे रुंद पट्टे हुंडीच्या खालून घेतले. खोडाला फक्त तोल सांभाळायला, गोणपाटावरून, सैल दोरी बांधली. भार खोडावर पडला की साल सुटते आणि हुंडी फुटते.

क्रेनवाल्याला घाई होती. हुंडी एका बाजूला कलली आणि दोरीचा एक पदर तुटला. आण्णांनी हात वर करून काम थांबवलं. पाऊण तास जाऊन पुन्हा दोरी आवळली आणि मगच झाड उचललं. तो पाऊण तास सगळ्या कामात मोलाचा होता. भाराखाली कुणीही उभं राहू नये, हे सांगायला नकोच.

नव्या खड्ड्यात झाड उभं केल्यावर दोऱ्या कापल्या, वरचं बारदान सोडवून बाजूला केलं. प्लॅस्टिकची पोती किंवा तार वापरली असेल तर ती पूर्ण काढावी. खड्ड्यातून निघालेलीच माती भरून, पाणी सोडत सोडत दाबली. पायानं धुमसून टणक केली नाही. तीन बाजूंनी ताण दिले, आणि दोरी खोडाला काचू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमधून घेतली. हे ताण साधारण वर्षानं काढावेत. झाडाला थोडं हलू दिलं तरच खोड आणि मुळं मजबूत होतात.

पाचवी पायरी : राखण

खरी परीक्षा पुढं होती. 2023 चा ऑगस्ट आपल्याला आठवत असेल. देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. उसालाच पाणी पुरेना, तिथं बकुळीला कोण विचारतो! पण आक्कांनी तो भार आपल्यावर घेतला. रोज सकाळी हुंडीच्या मातीत बोटं घालून बघायच्या आणि कोरडं लागलं तरच पाणी सोडायला सांगायच्या.

पाण्याबाबत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पाणी हुंडीवर पडलं पाहिजे. आळ्याची कडा ओली आणि हुंडी आतून कोरडी, असं पुष्कळदा होतं, कारण मुळी अजून बाहेर गेलेली नसते. एवढ्या झाडाला एका वेळी 150 ते 200 लिटर पाणी, बारीक धारेनं, सावकाश द्यावं. दुसरी, पाट फोडून सोडून देऊ नये. सतत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उसाला आपण करतो तो जास्त पाण्याचा लाड झाडालाही भोवतो.

आळ्यात उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर द्यावा. ओल टिकते, माती तापत नाही. मात्र पाचट बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावं, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. पहिल्या हंगामात रासायनिक खत देऊ नये. मुळी नसलेल्या झाडाला युरिया देणं म्हणजे आजाऱ्याला पुरणपोळी चारणं.

सप्टेंबरात बकुळीची निम्मी पानं गळाली. आण्णांनी निरोप पाठवला, "गेलं झाड." मी जाऊन फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवी, ओली होती. म्हटलं, "गेलं नाही, जपून खर्च करतंय." पानगळ म्हणजे मरण नव्हे, पालवी म्हणजे जगणं नव्हे. नखाखाली काय दिसतं ते खरं. मोठ्या झाडाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. थंड देशांत खोडाच्या दर एक इंच जाडीमागं एक वर्ष असा ठोकताळा आहे. आपल्याकडं उष्णतेमुळं मुळी लवकर वाढते, तरी दोन-तीन वर्षं लक्ष ठेवावंच लागतं.

कोणतं झाड सोसतं?

वड, पिंपळ, उंबर या जातीची झाडं हलवणं बरंच सोसतात. देवचाफा (खुरचाफा) तर सगळ्यांत सोपा. तो पानं गळालेला असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये हलवावा. त्याला जास्त पाणी घातलं तरच कुजतो. बकुळ सावकाश पण नेटानं लागते. सोनचाफ्याची मुळं मांसल आणि ठिसूळ, बहाव्याचं सोटमूळ खोल जाणारं. ही दोन्ही मोठी झाल्यावर हलवणं जोखमीचं. दारापुढच्या बॉटल पामसारख्या ताडवर्गी झाडांची गोष्टच निराळी. त्यांची नवी मुळी खोडाच्या तळातून येते. त्यांना वर्षभर आधी मुळं छाटण्याचा उपयोग होत नाही आणि हुंडीही लहान चालते. मात्र शेंड्याचा कोंब दुखावला तर झाड गेलंच.

नेहमीचे प्रश्न

*परवानगी लागते का?* नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा लागू आहे. तिथं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं व त्यावरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं आहे. गावच्या हद्दीत साग, चंदन, आंबा, चिंच अशा काही जातींना 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागतो. म्हणून ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारून मगच हात लावावा.

*एक वर्ष थांबता येत नसेल तर?* तर हुंडी शक्य तितकी मोठी घ्यावी, पावसाळी दिवस धरावा, आणि झाड जाऊही शकतं हे घरच्यांना आधी सांगावं. खोटी आशा देऊ नये.

*खर्च परवडतो का?* क्रेन, ट्रॉली, मजुरी आणि दोन-तीन वर्षांचं पाणी सगळं धरून हिशेब करावा. पुष्कळदा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे घराचा नकाशा हलवणं. गेल्या वर्षी एका सभासदांनी त्यांच्या मोठ्या बहाव्याबद्दल विचारलं, तेव्हा मी कागदावर त्यांचा व्हरांडा चार फूट सरकवून दाखवला. बहावा जागेवर आहे. झाड हलवण्याआधी भिंत हलते का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

2025 च्या उन्हाळ्यात आण्णांच्या बकुळीला फुलं आली. फार नव्हती, सकाळी ओंजळभर पडायची. आक्कांनी ती वेचून केळीच्या सोपटात ओवली आणि एक सर मुलीकडं पाठवली. बकुळीची फुलं वाळली तरी वास जात नाही, त्यामुळं ती पोचायला चार दिवस लागले तरी चालतं.

माझ्या दारात आता दादांच्या चाफ्याच्या जागी खोली आहे. अंगणाच्या कडेला एक नवा सोनचाफा लावला आहे. लावताना आधी विचार केला, की पुढं कुणाला तो हलवावा लागू नये.

ज्या सभासदांना येत्या एक-दोन वर्षांत बांधकाम काढायचं असेल, त्यांनी आजच अंगणात जाऊन एकदा दोरी लावून बघावी. मृग जवळ आला की कुदळ हातात घ्यावी. क्रेनचं नंतर बघू.